तेरा-शून्य-पंचेचाळीस

आमच्या मोडनिंबला खताच्या दुकानात जा आणि ‘तेरा-शून्य-पंचेचाळीस’ एवढंच म्हणा. दुकानदार दुसरा प्रश्न विचारणार नाही. मिठासारख्या पांढऱ्या कणांची पिशवी समोर येईल. तेरा टक्के नत्र, शून्य स्फुरद आणि पंचेचाळीस टक्के पालाश, असा त्या आकड्यांचा अर्थ. डाळिंब किंवा द्राक्ष फुगायच्या दिवसांत ठिबकच्या नळीतून सोडायचं हे विद्राव्य खत. पिशवीवर नाव असतं पोटॅशियम नायट्रेट. आपल्या पणजोबांच्या भाषेत या पदार्थाला सुटसुटीत नाव होतं : सोरा.

सव्वाचारशे-साडेचारशे वर्षांपूर्वी हाच सोरा अकबर बादशहाचं पिण्याचं पाणी गार करत होता. त्याच काळात तो दख्खनच्या किल्ल्यांवर तोफांच्या पोटात भरला जात होता. पुढे त्याच्यासाठी युरोपच्या कंपन्या आपल्याकडे धावत आल्या. आज तो आपल्या शेतातल्या काळ्या नळीतून झाडाच्या मुळाशी जातो. या सोऱ्याचं चरित्र मला सांगायचं आहे. कारण त्यातला जवळजवळ प्रत्येक प्रसंग एकाच गुणातून घडला आहे. तो गुण म्हणजे सोऱ्याचं पाण्यात विरघळणं.

विरघळणं हा आम्हा कवींचा लाडका शब्द. सुफी असो की वारकरी, ‘मी’पण संपलं हे सांगायचं तर थेंब सागरात जातो, नाहीतर मीठ पाण्यात जातं. दृष्टान्त फार जुना आहे. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, रात्री पाण्यात मीठ टाकायला सांगतात. सकाळी मीठ दिसत नाही. मग ते त्याला वरचं, मधलं आणि तळाचं पाणी चाखायला लावतात. सगळीकडे खारटच. जे दिसत नाही ते नाही असं म्हणू नकोस, हा त्या पाठाचा मथितार्थ. पण या दृष्टान्तात एक प्रश्न कुणी विचारत नाही. विरघळायला काही खर्च येतो का? आणि येत असेल तर तो कोण सोसतो? मिठाच्या बाबतीत हा प्रश्न झाकून जातो. सोऱ्याच्या बाबतीत तो थेट हाताला लागतो, कारण सोरा पडला की पाणी गारठतं.

अकबराच्या दरबारातल्या अबुल फझलने ‘ऐन-ए-अकबरी’त या गोष्टीची सविस्तर नोंद केली आहे. बादशहाच्या पिण्याच्या पाण्याचं खातं म्हणजे आबदारखाना. आब म्हणजे पाणी, ते सांभाळणारा तो आबदार. आबदाराची कृती अशी : जस्तासारख्या धातूच्या किंवा चांदीच्या सुरईत एक शेर पाणी भरून तिचं तोंड बंद करायचं. दुसऱ्या भांड्यात पाच शेर पाणी घेऊन त्यात अडीच शेर सोरा टाकायचा. त्या मिश्रणात ती सुरई पाव तास हलवत राहायचं. आतलं पाणी गार होतं. सोरा बाहेरच्या पाण्यात, प्यायचं पाणी आत, दोन्ही कुठेही भेटत नाहीत. भेटते ती फक्त उष्णता. बंदुकीच्या दारूत जो आग भडकवतो तोच सोरा पाणी थंड करतो, याचं नवल अबुल फझललाही वाटलं होतं. सोऱ्याचा भावही त्याने दिला आहे : रुपयाला पाऊण मणापासून चार मणांपर्यंत.

या कृतीतलं प्रमाण पाहण्यासारखं आहे. पाच शेराला अडीच शेर, म्हणजे शंभर भाग पाण्याला पन्नास भाग सोरा. आजचे रसायनशास्त्राचे तक्ते सांगतात, की ३० अंश सेल्सिअसच्या शंभर ग्रॅम पाण्यात साधारण ४५ ग्रॅम सोरा मावतो. म्हणजे पाण्यात जेवढा मावेल तेवढा आणि वर थोडा, असं आबदाराचं प्रमाण होतं. तक्ता नव्हता, तापमापक नव्हता. हाताच्या अनुभवाने माणसं तिथवर पोचली होती.

आता आत काय घडतं ते पाहू. सोऱ्याचा खडा म्हणजे विद्युतभार असलेल्या कणांची शिस्तबद्ध रचना. एक कण पोटॅशियमचा, धन भाराचा. दुसरा नायट्रेटचा, ऋण भाराचा. धन-ऋण, धन-ऋण अशी ओळ सर्व दिशांना लागलेली असते आणि हे कण एकमेकांना घट्ट ओढून धरतात. या कणांना आयन म्हणतात. क्षार पाण्यात गेले की त्यांचे आयन सुटे होतात, हा विचार स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियस यांनी १८८७ साली स्पष्टपणे मांडला. आधी त्याला बराच विरोध झाला, पण पुढे त्याबद्दल १९०३ सालचं नोबेल पारितोषिक त्यांना मिळालं.

हे आयन किती घट्ट बांधलेले असतात? नुसत्या आगीने सोरा वितळवायचा तर ३३४ अंशांपर्यंत तापवावा लागतो. आणि पाणी? तेच काम ते साध्या बादलीत, चुलीशिवाय करून दाखवतं. पाण्याला हे जमतं ते त्याच्या रेणूच्या घडणीमुळे. पाण्याच्या रेणूत एक ऑक्सिजन आणि दोन हायड्रोजन असतात, पण ते एका रेषेत नसतात, वाकलेले असतात. त्यामुळे रेणूची एक बाजू थोडी ऋण, दुसरी थोडी धन होते. असे असंख्य रेणू सोऱ्याच्या खड्याभोवती जमतात. पोटॅशियमला ते आपली ऋण बाजू दाखवतात, नायट्रेटला धन. एकेक आयन खड्यातून सुटतो आणि पाण्याच्या रेणूंच्या घोळक्यात शिरतो.

इथे हिशेब सुरू होतो. खड्यातले आयन एकमेकांपासून तोडायचे तर ऊर्जा खर्च होते. पाण्याच्या रेणूंचीही आपसांत घट्ट धरपकड असते. त्यात आयनासाठी जागा करायची तर तिथेही खर्च. उलट पाण्याच्या रेणूंनी आयनाला वेढलं की ऊर्जा मोकळी होते, ती जमा. खर्चापेक्षा जमा जास्त झाली तर पाणी तापतं. कॉस्टिक सोडा पाण्यात टाकणाऱ्याला हे माहीत असतं. भांड्याला हात लावता येत नाही. जमेपेक्षा खर्च जास्त झाला तर तूट पाण्याच्याच अंगच्या उष्णतेतून भागते आणि पाणी गार होतं. सोरा या दुसऱ्या जातीचा. लिटरभर पाण्यात शंभर ग्रॅम सोरा विरघळला तर पाणी साधारण आठ अंशांनी उतरतं. तेवढंच खायचं मीठ टाकलं तर जेमतेम एखादा अंश उतरतो, कारण मिठाचा जमा-खर्च जवळजवळ बरोबरीत सुटतो. उद्दालकांच्या मुलाच्या हाताला काही जाणवलं नसेल ते यामुळेच. युरिया मात्र सोऱ्याच्या बाजूचा. फवारणीसाठी बादलीत युरिया कालवला की बादली बाहेरून गार लागते, हे आमच्याकडच्या पोराटोरांनाही ठाऊक असतं.

तुम्ही विचाराल, की तुटीचाच धंदा असेल तर सोरा विरघळतोच कशाला? प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर असं, की निसर्ग फक्त उष्णतेचा जमाखर्च बघत नाही. रांगेत उभ्या असलेल्या कणांना पांगायची वाट मिळाली, तर पांगण्याच्या शक्यता रांगेत राहण्याच्या शक्यतेपेक्षा कितीतरी जास्त असतात. जत्रा सुटल्यावर माणसं चारी वाटांनी जातात, तसंच. या पांगण्याच्या कलाला शास्त्रात एन्ट्रॉपी म्हणतात. सोऱ्याच्या बाबतीत हा कल इतका जोरकस आहे, की उष्णतेची तूट सोसूनही तो विरघळतो.

पण सगळेच पदार्थ पाण्याच्या हाती लागत नाहीत. तर्रीदार रस्सा आठवा. मिरचीचा लाल रंग पाण्यात उतरत नाही, तेलात उतरतो आणि तेलाबरोबर वर तरंगतो. अत्तराचंही तेच. पारंपरिक पद्धतीत फुलांचा वास वाफेबरोबर आणून चंदनाच्या तेलात मुरवतात, कारण तो पाण्यात नीट टिकत नाही. तेलाच्या रेणूला पाण्यासारख्या धन-ऋण बाजू नसतात. पाण्याचे रेणू एकमेकांचे हात सोडून त्याला जागा द्यायला तयार नसतात. उलट सोऱ्याचा खडा तेलात टाकला तर तसाच बसून राहील, कारण त्याचे आयन सोडवण्याची ताकद तेलात नाही. कोण कुणात विरघळणार हे ओढीवर ठरतं.

आता पुन्हा इतिहासाकडे. बादशहाच्या सुरईशेजारी मला आपला मातीचा माठ ठेवून बघावासा वाटतो. माठातलं पाणी झिरपतं, बाहेर वाळतं आणि वाळताना उष्णता घेऊन जातं. एक ग्रॅम सोरा विरघळताना साधारण ८० कॅलरी उष्णता घेतो. एक ग्रॅम पाणी वाफ होऊन उडताना जवळजवळ ५८० कॅलरी घेतं. म्हणजे वजनाला वजन धरलं तर गरिबाचा माठ बादशहाच्या सोऱ्याला सातपट भारी पडतो! फरक एवढाच, की माठाला कोरडी हवा लागते. आमच्या माढा तालुक्यातल्या उन्हाळ्यात माठ उत्तम चालतो. मुंबईच्या दमट हवेत किंवा श्रावणात तो मान टाकतो. सोऱ्याला हवेशी देणंघेणं नाही. शिवाय वापरलेलं पाणी उन्हात आटवलं की सोरा पुन्हा हाती येतो. एका अर्थी उन्हाने फुकट दिलेली उष्णता सोरा साठवून ठेवतो आणि पुढच्या वेळी पाण्याकडून तेवढीच वसूल करतो.

बादशहाचा मुक्काम १५८६ च्या सुमारास पंजाबात गेला तेव्हा हिमालयाचं बर्फ मिळू लागलं, असं अबुल फझल सांगतो. पण सोऱ्याची कला मैदानी मुलखात टिकून राहिली. कंपनीच्या काळातल्या साहेबांच्या घरीही आबदार असे. १८३३ साली अमेरिकेतल्या बोस्टनहून बर्फ भरलेलं जहाज कलकत्त्याला लागलं. तिथून पुढे सोऱ्याने पाणी गार करण्याचं महत्त्व उतरणीला लागलं. युरोपातही ही युक्ती माहीत होती. १५५० साली रोममध्ये ब्लासियस व्हिलाफ्रांका या स्पॅनिश वैद्याने सोऱ्याने वाइन आणि पाणी थंड करण्यावर पुस्तकच छापलं होतं.

सोरा येत होता कुठून? गंमत अशी, की तो आपल्या पायाखाली होता. गावाच्या जमिनीला आपण काळी आणि पांढरी अशी नावं देतो. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे वस्ती. पिढ्यान्‌पिढ्या जिथे माणसं आणि जनावरं राहिली, तिथल्या मातीत शेण, मूत, राख मुरत गेली. मातीतले जिवाणू त्यातल्या नत्राचं नायट्रेट करतात. हे काम जिवाणूंचं आहे, हे श्लेझिंग आणि म्युंत्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८७७ साली दाखवलं. आपल्या शेतकऱ्याला शास्त्र ठाऊक नव्हतं, पण पांढरीची माती शेतात टाकली की पीक तरारतं हे ठाऊक होतं. जुन्या मातीच्या भिंतींना खालून जी पांढरी खार फुटते, तिच्यातही हे नायट्रेट असतं.

ती माती गोळा करायची, भोकं पाडलेल्या भांड्यात भरायची, वरून पाणी ओतायचं आणि खाली ठिबकणारं पाणी धरायचं. माती वर राहते, सोरा पाण्याबरोबर खाली येतो. त्यात लाकडाची राख मिसळायची प्रथा होती. राखेतलं पोटॅश मातीतल्या नायट्रेटचं खऱ्या सोऱ्यात रूपांतर करतं. मग ते पाणी उकळून आटवायचं. उत्तर हिंदुस्थानात हे काम पिढीजात करणाऱ्यांना नोनिया किंवा लुनिया म्हणत. नाव मिठावरून पडलेलं, कारण त्या पाण्यात सोऱ्याबरोबर साधं मीठही असायचं. आणि खरं कसब पुढे होतं : दोन्ही पांढरे, दोन्ही विरघळलेले, वेगळे कसे करायचे?

उत्तर पुन्हा विरघळण्याच्या हिशेबातच आहे. जो पदार्थ विरघळताना उष्णता मागतो, त्याला उष्णता पुरवली तर तो जास्त विरघळतो. सोरा भुकेला, मीठ जवळपास तृप्त. शंभर ग्रॅम पाण्यात शून्य अंशाला १३ ग्रॅम सोरा विरघळतो, २० अंशांना ३२ ग्रॅम आणि उकळत्या पाण्यात सुमारे २४५ ग्रॅम. मिठाचं प्रमाण थंड पाण्यात ३६ च्या आसपास आणि उकळत्या पाण्यात ३९. म्हणून तापलेलं दाट पाणी थंड होऊ दिलं, की सोऱ्याचे लांबट, चमकदार स्फटिक तळाशी पडतात आणि मीठ पाण्यातच राहतं. बादशहाचं पाणी गार करणारा गुण आणि सोऱ्याला शुद्ध करणारा गुण हे एकाच नाण्याचे दोन चेहरे आहेत.

शुद्ध सोरा हवा होता तो मुख्यतः दारूसाठी. दारू म्हणजे बंदुकीची. मराठीने हा शब्द दोन्ही नशांना दिला आहे. साधारण ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा, १० भाग गंधक, असं तिचं नावाजलेलं प्रमाण. जळण्यासाठी लागणारा ऑक्सिजन सोरा आपल्याबरोबर घेऊन येतो, म्हणून तोफेच्या बंद पोटातही आग पेटते.

मोडनिंबहून उत्तरेला कुर्डुवाडी ओलांडून पुढे गेलं की धाराशिव जिल्ह्यातला परंड्याचा भुईकोट लागतो. विजापूरला आज प्रवासी जी ‘मलिक-ए-मैदान’ तोफ बघायला जातात, ती एके काळी या परंड्याला होती. १५४९ साली अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, निजामशाहीच्या पदरच्या महंमद रूमी या तुर्की उस्तादाने ती ओतली. लांबी चौदा फुटांच्या आसपास, वजन सुमारे ५५ टन. तोंडावर हत्तीला गिळणारा सिंह कोरलेला. १६३२ साली ती परंड्याहून विजापूरला नेली. ती तोफ बघताना लोक धातूकडे बघतात, कोरीवकामाकडे बघतात. मला वाटतं, त्या तोंडात जाणारा सोरा कुणीतरी कुठल्यातरी गावाची पांढरी खणून, भांड्यातून गाळून, चुलीवर आटवून दिला होता. त्या माणसांची नावं कुठल्याही तोफेवर कोरलेली नाहीत.

शिवाजी महाराजांच्या राज्यातल्या अठरा कारखान्यांच्या याद्या प्रसिद्ध आहेत. त्यांत तोफखाना आणि दारूखाना आहे, तसाच आबदारखानाही आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेल्या, अठराव्या शतकाच्या आरंभीच्या ‘आज्ञापत्रा’त किल्ल्यावरच्या दारूची काळजी कशी घ्यावी हे बारकाईने सांगितलं आहे. दारूखाना वस्तीपासून दूर असावा, दारू आणि बाण ठरावीक दिवसांनी बाहेर काढून त्यांना ऊन द्यावं. हे ऊन कशासाठी? तर ओल घालवण्यासाठी. शुद्ध सोरा हवेतली ओल फारशी घेत नाही, पण त्यात मीठ किंवा दुसरे क्षार राहिले तर ते पावसाळी हवेतून पाणी ओढून घेतात. पाणी आलं की सोरा त्यात विरघळतो आणि कोळसा-गंधकापासून फुटून निघतो. मग ऐन लढाईत तोफ फुसकी जाते. सह्याद्रीच्या पावसात गड राखायचा तर शत्रूइतकीच या विरघळण्याचीही धास्ती होती.

पुढे युरोपच्या कंपन्यांनी बिहारचा सोरा जहाजं भरभरून नेला. प्लासीनंतर १७५८ साली इंग्रज कंपनीने तिथल्या सोऱ्याचा मक्ताच मिळवला. सोरा गाळताना मीठ निघतं आणि मिठावर तर सरकारचा कर. त्यामुळे सोरा गाळणाऱ्या गरीब माणसाला परवाना आणि तपासणीचा जाच सोसावा लागला. एकोणिसाव्या शतकात चिलीच्या वाळवंटातलं नायट्रेट स्वस्तात येऊ लागलं. १९१३ साली जर्मनीत ओपाऊला हवेतल्या नत्रापासून अमोनिया बनवायचा कारखाना सुरू झाला आणि पांढरी खणून सोरा काढायची गरज उरली नाही. हवेपासून बनलेलं तेच नायट्रेट आता पिशवीत बंद होऊन आपल्या दुकानात येतं.

आपल्या शेतातही विरघळण्याचे ते जुने कायदे रोज चालू असतात. ठिबक वापरणाऱ्याला दुकानदार बजावतो, की कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेट एका टाकीत कालवू नका. दोन्ही वेगवेगळे छान विरघळतात, पण एकत्र आले की कॅल्शियम आणि सल्फेट एकमेकांना इतकं घट्ट धरतात, की पाण्याला ते सोडवता येत नाहीत. त्यांचं जिप्सम होतं, लिटरभर पाण्यात जेमतेम अडीच ग्रॅम विरघळणारं. बाकीचं चिखलासारखं खाली बसतं आणि ठिबकचे ड्रीपर बुजतात.

हे नुकसान निदान डोळ्यांना दिसतं. न दिसणारं नुकसान नायट्रेटचं आहे. आपली काळी माती ऋण भाराची. पोटॅशियम, कॅल्शियम यांच्यासारखे धन आयन ती धरून ठेवते. नायट्रेट ऋण भाराचं, त्यामुळे माती त्याला धरत नाही. पाण्याबरोबर ते खाली उतरतं. ते फक्त तेरा-शून्य-पंचेचाळीसमधून येतं असं नाही. आपण पोत्यांनी टाकतो त्या युरियाचं आणि उकिरड्याच्या खताचंही मातीतले तेच जिवाणू नायट्रेट करतात. संडासाच्या शोषखड्ड्यातूनही ते झिरपतं. १९८० साली उजनी धरण पूर्ण झालं, पाणी आलं, ऊस आला, बागा आल्या आणि त्याबरोबर खतंही आली. पिकाने घेतलं ते पिकाचं, उरलं ते विहिरीच्या वाटेला. नोनियांच्या त्या भोकं पाडलेल्या भांड्याची आठवण ठेवा. वर माती, वरून पाणी, खाली ठिबकणारा सोरा. पिकाच्या गरजेपेक्षा जास्त खत टाकून वर पाट मोकळा सोडला, की आपलं शेत म्हणजे तेच भांडं होतं. फक्त खाली धरायला कुणी बसलेलं नसतं, आपली विहीर असते.

पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नसावं, अशी आपल्याकडच्या मानकाची मर्यादा आहे. सगळ्यात जास्त धोका वरच्या दुधावर असलेल्या तान्ह्या बाळाला. नायट्रेटचं शरीरात नायट्राइट होतं आणि रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते. बाळ निळसर पडतं. १९४५ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात डॉ. हंटर कॉम्ली यांनी विहिरीचं पाणी आणि हा आजार यांचा संबंध दाखवून दिला.

आणि इथे आपली एक चांगली सवय आपल्याला दगा देऊ शकते. पाणी वाईट वाटलं की आपण ते उकळतो. जंतूंसाठी ते बरोबरच आहे. पण नायट्रेट उकळून जात नाही. पाणी वाफ होऊन उडतं, नायट्रेट भांड्यातच राहतं, उलट उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण वाढतं. सोरा गाळणारी माणसं शेकडो वर्षं चुलीवर हेच तर करत होती! ज्या विहिरीच्या पाण्यात नायट्रेट जास्त आहे, तिचं पाणी बाळाच्या दुधासाठी वापरायचंच नाही, दुसरं चांगलं पाणी आणायचं, हाच मार्ग. रिव्हर्स ऑस्मोसिसच्या यंत्रातून नायट्रेट बरंच कमी होतं, पण साध्या कापडाच्या किंवा वाळूच्या गाळणीतून ते सरळ पार जातं. कारण ते गाळ नाही, विरघळलेलं आहे.

शेतापुरता उपाय आपल्या हातात आहे. माती तपासून खत द्यायचं. एकदम मोठा डोस टाकण्याऐवजी पिकाच्या भुकेप्रमाणे थोडं थोडं द्यायचं. ठिबकचा खरा फायदा हाच आहे. खत दिल्यावर लगेच भरमसाट पाणी सोडायचं नाही. आणि वर्षातून एकदा, विशेषतः पावसाळ्यानंतर, पिण्याच्या विहिरीचं किंवा बोअरचं पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्यायचं. नमुन्याबरोबर ‘नायट्रेट बघा’ असं स्पष्ट सांगायचं.

उद्दालकांनी मुलाला पाणी चाखायला सांगितलं आणि जिभेने साक्ष दिली. मीठ दिसलं नाही, तरी कळलं. सोऱ्याने बादशहाचं पाणी गार केलं, तेव्हा हाताने साक्ष दिली. विहिरीतल्या नायट्रेटला मात्र रंग नाही, वास नाही, आणि एवढ्याशा प्रमाणात चवही लागत नाही. जीभ आणि हात दोन्ही गप्प राहतात. जे दिसत नाही ते नाही असं समजू नये, हा श्वेतकेतूचा धडा म्हणूनच आज आपल्याला लागू आहे. आपल्याला तो प्रयोगशाळेच्या कागदावर वाचावा लागेल, एवढंच.